शिट्टी आधी, पडदा नंतर

चष्मेवालीला चष्मा नव्हता. नाव पडलं ते तिच्या पोटापाण्यावरून. सकाळपासून दुपार कलेपर्यंत ती चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. खोली एवढीशी, दोन माणसं आत आली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर सोडायचा. मधोमध घासायचं चाक, चाकावर पाण्याची बारीक धार आणि खाली बादलीत साचत जाणारा पांढरट गाळ. संध्याकाळी ती कोपरापर्यंत हात धुवायची, काळी पँट आणि राखाडी शर्ट चढवायची, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि बास्केटबॉलच्या हॉलमध्ये पंच म्हणून पळायला जायची.

आता पंच म्हटलं की शिव्या आल्याच. त्यात पंच चष्म्याच्या दुकानातली. मग काय, लोकांना आयतं कोलीत.

"ओ पंचबाई, लावा की एखादा! दुकान तुमचंच आहे!"

"तुझा नंबर काढून ठेवलाय," पळता पळता ती ओरडायची, "उद्या ये, घेऊन जा!"

हॉल हसायचा. शिवी देणारासुद्धा हसायचा. एवढ्यावर मिटायचं.

लहानपणी ती स्वतः खेळायची. पण उंचीनं ऐनवेळी दगा दिला. बरोबरच्या पोरी वेलीसारख्या वाढल्या, ही भोपळ्यासारखी जागीच राहिली. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी एके दिवशी तिच्या हातावर शिट्टी ठेवली. "उंची नाही तुझी, पण आवाज आहे. फुंक." ती जी फुंकली ती आजतागायत. शाळांच्या सामन्यांत उमेदवारी केली. तिथं पोरं शहाणी आणि पालक एकमेकांच्या उरावर बसायला तयार. मग कुठं कामगारांच्या लीगमध्ये जागा मिळाली. तिथले संघ कामावरच्या लोकांचे, आगीच्या बंबावरचे, टपालखात्यातले, बेकरीतले. दिवसभर राबून संध्याकाळी खेळणारी माणसं. खेळायची मात्र अशी की जणू उद्या कामावर जायचंच नाही.

तिची ख्याती एकच. दिलेला निर्णय फिरवायचा नाही. "वाजली ती वाजली," ती म्हणायची. "शिट्टी म्हणजे काय दाराची बेल आहे, चुकून हात लागला म्हणायला?"

घरी मात्र तिचं असं काही चालत नसे. नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर पोरांचा कल्ला ऐकून आलेला माणूस, घरी त्याला फक्त शांतता हवी. शांतता मिळू द्यायची नाही, हे काम सासूबाईंकडे. त्यांची आठवण म्हणजे नुसती चित्रफीत. "परवा दुपारी, तू भांडी पुसत होतीस, तेव्हा काय म्हणालीस? 'मी कशाला बोलू' म्हणालीस. आणि म्हणताना नाक उडवलंस." नाकासकट सगळं परत दाखवायच्या.

मग लीगमध्येच रिप्ले आला, घडून गेलेलं पडद्यावर परत दाखवणारा.

हंगामाच्या आधी सगळ्या पंचांना एका शाळेच्या वर्गात बोलावलं. लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली. शिकवायला निरीक्षकबाई. केस बारीक कापलेले, एका गुडघ्याला पट्टा. गुडघा जायच्या आधी त्यांनी स्वतः कित्येक वर्षं शिट्टी फुंकलेली, त्यामुळे पंच कुठं कुठं अंगचोरी करतात हे त्यांना पाठ होतं.

"पडदा म्हणजे साक्षीदार," त्या म्हणाल्या. "साक्षीदाराला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नका. आणि ऊठसूट बोलवायचा नाही. प्रसंग ठरलेले आहेत."

त्यांनी फळ्यावर लिहिलं नाही, बोटांवर मोजून सांगितलं. डाव संपताना भोंगा झाला, तेव्हा चेंडू हातातून सुटला होता का. टाकणाऱ्याचा पाय रेषेवर होता का, म्हणजे गुण दोन की तीन. दिलेला फाउल साधा, की मुद्दाम केलेला दांडगटपणा. हाणामारी झाली तर कोण कोण घुसलं. आणि अगदी शेवटच्या दोन मिनिटांत, चेंडू बाहेर गेला तो कुणाच्या हाताला लागून.

"आणि फाउल झाला पण आपण बघितलाच नाही, तर?" मागून लंबूनं विचारलं. लंबू म्हणजे तिचा जोडीदार पंच. बाकात मावत नव्हता म्हणून खिडकीत बसला होता.

"तर नाही बघितला. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या घाल. जे तुम्ही दिलंच नाही ते पडदा देत नाही."

लंबू हिरमुसला.

"आता नीट ऐका. आधी निर्णय मैदानावर. हात करून, हॉलला दिसेल असा. 'बघू या काय दिसतंय ते' असं म्हणत पडद्याकडे पळायचं नाही. आधी ठरवा, मग बघा. स्वच्छ दिसलं की आपण चुकलो, तर बदला. धूसर दिसलं, तर मैदानावरचा निर्णय कायम. आणि मुख्य पंचानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. रिप्लेवाला बटणं दाबेल. तोंड उघडणार नाही."

रिप्लेवाला कोपऱ्यात बसला होता, त्याचं तोंड उघडंच होतं. बिचारा आधी लग्नांचे व्हिडिओ काढायचा. आयुष्यभर नवरदेवांना 'मान वर, हसा जरा, अहो लग्न तुमचंच आहे' असं सांगत आलेला. त्याला गप्प बसायला लावणं म्हणजे नळाला बोळा कोंबणं.

"हा हंगाम परीक्षेचा," निरीक्षकबाईंनी शेवटी सांगितलं. "ज्याला पडदा जमला तो लीगमध्ये राहील. नाही जमला, त्यानं परत शाळांचे सामने घ्यावेत. सगळ्यांना एकेकदा बघून जाईन मी."

घरी येऊन तिनं सांगितलं तर सासूबाई खूश. "म्हणजे आता तुमच्याकडेही मागचं उकरून काढतात!"

"पण कधीही नाही हं, आई. ठरलेल्या प्रसंगीच."

"मग काय उपयोग त्याचा?" सासूबाई म्हणाल्या.

पहिल्याच आठवड्यात प्रसंग आला. बेकरीवाल्यांच्या एका पोरानं लांबून चेंडू टाकला, गेला आत. तिनं दोन बोटं दाखवली, पाय रेषेवर होता म्हणून. बेकरीवाले ओरडले, तीन, तीन! तिनं हवेत बोट फिरवून रिप्लेची खूण केली आणि टेबलाकडे गेली. टेबलावर एक छोटा पडदा. हॉलच्या दिव्यांची चकाकी त्यावर पडू नये म्हणून रिप्लेवाल्यानं काळ्या पुठ्ठ्याचं खोकं करून भोवती बसवलेलं. बघायचं तर खोक्यात तोंड घालायचं.

तिनं तोंड घातलं. आत धुकं.

रंग होते. काहीतरी हलत होतं. पाय असेलही, रेष असेलही. तिनं डोळे बारीक केले, मोठे केले. मान मागं घ्यावी तर खोक्याची कड आडवी येई आणि पडदाच दिसेनासा होई. मागं सगळा हॉल गप्प उभा. ती जरा वेळ तशीच थांबली, कपाळाला आठ्या घालून, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बाई फार बारकाईनं बघतेय. मग बाहेर आली आणि दोन बोटं दाखवली.

"निर्णय कायम!"

काय टाळ्या पडल्या! पडदा आला तरी आपली चष्मेवाली हलली नाही, म्हणून. लंबूनं तर पाठीवर थाप मारली. "ताई, तुमच्या डोळ्यांपुढं यंत्रानं हात टेकले."

काय झालंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. बाईचा धंदाच तो. पस्तिशी-चाळिशी ओलांडलेली गिऱ्हाइकं दुकानात येत, हातातला कागद लांब लांब धरत, आणि अक्षर बारीक छापायला लागलेत हल्ली, अशी छापखान्याची तक्रार करत. तेव्हा हीच मागच्या खोलीतून मान बाहेर काढून सांगायची, "छापखान्यावर कशाला खापर फोडताय? चाळिशी लागलीय तुम्हाला. केस पिकतात तसे डोळे पिकतात. लाजायचं काय त्यात?" लांबचं तिला अजूनही लख्ख दिसायचं. रस्त्याच्या त्या टोकाला उभ्या बसची पाटी ती वाचायची. पण जवळचं वर्षभरापासून विरघळत चाललं होतं. सुईत दोरा ओवायची वेळ आली की तिला दुसरं काम आठवे. काचेवरची खूण ती हात ताठ करून बघायची.

दुकानाच्या मालकांनी एकदा हटकलंसुद्धा. म्हातारे, मितभाषी गृहस्थ. "हात एवढे लांब का धरतेस गं?"

"हातच लांब आहेत माझे."

"बरं," मालक म्हणाले. "आणखी किती लांब होतात बघू."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण ती गिऱ्हाईक थोडीच होती? ती पंच होती. वीस वर्षं 'चष्मा लावा' म्हणणाऱ्यांना तोंडावर उत्तर देत आलेली. उद्या खरंच नाकावर चष्मा चढवून हॉलमध्ये उभी राहिली, तर उत्तर काय देणार? आणि निरीक्षकबाईंनी ते बघितलं तर? बाईंना दिसत नाही, द्या पाठवून शाळांच्या सामन्यांना, झालं. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. धूसर दिसलं तर कायम, असा नियमच आहे ना? तिला धूसर दिसत होतं. तिनं नियमच पाळला होता. हे आपलं मनाला समजावणं. मनही समंजस, ऐकून घेई.

असे तीन सामने गेले. तीनदा खोकं, तीनदा 'कायम'.

तिसऱ्या सामन्यानंतर ती बूट सोडत बसली होती, तर रिप्लेवाला बाजूला येऊन उभा राहिला. वायरीचं वेटोळं हातात, तोंडावर घुसमट.

"मॅडम, एक बोलू? मला बोलायची बंदी सामन्यात आहे. आता सामना संपलाय."

"बोल."

"मघाशी तुम्ही खोक्यात बघितलंत ना. माझ्या हातून चुकीचा कॅमेरा लागला होता."

"मग?"

"दाराजवळचा. मी तुम्हाला सरबताच्या टपरीपुढची रांग दाखवत होतो."

तिनं सोडलेली नाडी परत बांधायला घेतली.

"मला वाटलं आता ओरडाल, काय दाखवतोस म्हणून," तो म्हणाला. "तर तुम्ही चांगलं निरखून बघितलंत, आणि म्हणालात, कायम."

रांगेत एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, एवढं सांगायचं त्यानं मनातच ठेवलं. तेवढी दया त्याच्यापाशी होती.

"कुणाला सांगितलंस?"

"छे हो. पण पुढचा सामना उपांत्य फेरीचा. निरीक्षकबाई यायच्यात, टेबलाला खुर्ची लावून बसणार. त्यांच्या समोर मला नाही चुकता येणार, आणि..." तो थांबला. जन्मात पहिल्यांदा त्याला वाक्य पुरं करावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालक जेवायला गेल्यावर तिनं स्वतःसाठी काच काढली. नंबर तिचा तिनंच तपासला. अक्षरांचा तक्ता एका हातात, दुसऱ्या हातानं भिंगं बदलत. तिसऱ्या भिंगाला अक्षरं अशी समोर येऊन उभी राहिली की ती दचकली. एवढी काळी होती होय ती? मग चाकावर काचा घासल्या, एका साध्या काळ्या फ्रेममध्ये बसवल्या. मालक परत आले, त्यांनी चाकाखालचा ओला गाळ बघितला, रिकामी झालेली फ्रेमची खाच बघितली आणि पेपर उघडला.

घरी मात्र डबी सासूबाईंच्या हाती लागलीच.

"हा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचा आहे. द्यायचाय."

सासूबाईंनी चष्मा उजेडात धरला, उलटा केला, नाकाच्या जागी बोट ठेवून बघितलं. "गिऱ्हाइकाचं नाक तुझ्याएवढंच बसकं दिसतंय."

बसवाला नवरा भिंतीकडे तोंड करून हसला.

उपांत्य सामना बंबवाले विरुद्ध टपालवाले. हॉल गच्च भरलेला. एका बाजूनं "विझवा, विझवा!" आणि दुसऱ्या बाजूनं "पोचवा, पोचवा!" असा नुसता दणका. मुख्य पंच चष्मेवाली, जोडीला लंबू. टेबलाशी निरीक्षकबाई गुडघा लांब करून बसलेल्या. सामन्याआधी तिनं डबी हळूच रिप्लेवाल्याच्या बॅगेवर ठेवली. खिशात ठेवली तर पळताना फुटेल, असं म्हणाली. वापरणार आहे असं म्हणाली नाही.

सामना शेवटपर्यंत तराजूच्या काट्यासारखा हलत राहिला. अखेरच्या क्षणांत बंबवाले एका गुणानं पुढं आणि चेंडू टपालवाल्यांकडे. त्यांच्या एका सडपातळ पोरानं, दिवसभर जिने चढून चढून ज्याच्या पायांची काठी झालेली, कोपऱ्यात चेंडू घेतला. अंगावर बंबवाल्यांचा कप्तान दोन्ही हात वर करून भिंतीसारखा उभा. बास्केटची फळी कडेनं लाल उजळली, भोंगा केकाटला, कप्तानाच्या हातांवरून चेंडू वर आला, कमान करून खाली गेला आणि जाळीत सळसळला.

सगळा हॉल उभा. टपालवाले एकमेकांच्या गळ्यात.

तिनं शिट्टी फुंकली आणि डोक्यावर दोन्ही हात फुलीसारखे हलवले. बास्केट नाही. वेळ संपल्याचा दिवा आधी लागला, चेंडू नंतर दिसला, तिनं या डोळ्यांनी बघितलं होतं.

आता बंबवाले नाचायला लागले. टपालवाल्यांचा प्रशिक्षक, टकलू आणि लालबुंद, रेषेपर्यंत धावत आला. "मावशी! अहो मावशी, पडदा बघा! पाया पडतो, पडदा बघा!"

"बघणारच आहे. नियमच आहे तो. मागं व्हा."

तिनं हवेत बोट फिरवलं आणि टेबलाकडे निघाली.

खोक्यात तोंड घातलं. धुकं. धुक्यात एक लाल डाग. लाल डाग म्हणजे दिवा. बाकी सगळं अंदाजपंचे. बाजूला रिप्लेवाला आपल्या बटणांकडे असा बघत होता, जणू त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलाय. पाठीमागं निरीक्षकबाईंची पेन्सिल थांबलेली तिला जाणवली.

'कायम' म्हणायला अर्धा श्वास पुरला असता. बाहेर यायचं, हात हलवायचे, बंबवाले अंतिम फेरीत, ती लीगमध्ये. कुणी विचारलं असतं? वीस वर्षांत निर्णय न फिरवलेली बाई, तिला कोण विचारणार? आणि निर्णय बरोबरच असण्याची शक्यता होती की. तिला तर खात्री होती.

तेवढीच अडचण होती. खात्री तिला टपरीपुढच्या रांगेचीही होती.

कोपऱ्यात तो काठी पायांचा पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकलेला होता. तो पडद्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. त्याला आणि हॉलमधल्या प्रत्येकाला वाटत होतं की ती बघतेय.

तिनं डोकं बाहेर काढलं. "डबी दे," ती म्हणाली.

"आं?" रिप्लेवाला म्हणाला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, बोलायची बंदी आठवून.

तिनं स्वतःच बॅगेवरून डबी घेतली. उघडली. काळ्या फ्रेमचा चष्मा काढून, काड्या सरळ करून नाकावर चढवला.

आधी एकच माणूस हसला, वरच्या रांगेतला. मग शिंकेसारखं ते पसरत गेलं. "अरे लावला! लावला रे लावला!" बंबवाले हसले, टपालवाले हसले, कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी बाकं बडवली. लंबूनं घाबरून जमिनीकडे बघितलं. तिचे कान तापले. मानेपर्यंत तापले. वीस वर्षांची उधारी लोकांनी एकदम वसूल केली.

ती खोक्यात वाकली, आणि हसणं बाहेरच राहिलं.

आत सगळं होतं. जाळीचा एकेक धागा होता. कप्तानाच्या कोपरावरची जुनी भाजल्याची खूण होती.

"पहिल्यापासून. सावकाश," ती म्हणाली. "आता दुसऱ्या बाजूचा कॅमेरा. थांबव. एक घर मागं."

चित्र थांबलं. काठीपायाची बोटं पुढं झुकलेली, मोकळी. बोटांच्या आणि चेंडूच्या मधे उजेडाची एक फट. आणि वर फळी काळीच, दिवा लागलेला नाही. तिनं एक घर पुढं घ्यायला सांगितलं. फळी लाल, चेंडू अजून कप्तानाच्या हातांखालीच.

तिला कळलं. चेंडू तिला दिसला तेव्हा तो सुटत नव्हता, नुसता वर आला होता. सुटला होता आधीच, कप्तानाच्या त्या रुंद पाठीमागं.

"परत दाखव," ती म्हणाली. खात्री होती तरी परत बघितलं. मग चष्मा न काढताच मैदानाच्या मध्यावर आली. हॉल आता गप्प होता. तिनं दोन बोटं वर केली आणि खाली झुकवली. बास्केट धरली. टपालवाले एका गुणानं जिंकले.

जे काही झालं त्याला आवाज म्हणणं कमीपणाचं होईल.

बंबवाल्यांचा कप्तान तिच्यापाशी आला. एवढा मोठा गडी, डोळे भरून आलेले. "ताई, जन्मात कधी निर्णय फिरवला नाहीत. आज आमच्यावरच फिरवायचा होता?"

"चुकले होते रे."

"मग त्याच्या आधी माझा हात ओढला होता त्यांनी, तोही बघा ना! बघा लावून पडदा!"

"तो फाउल मी दिलाच नाही. आता नाही देता येत."

"ओढला होता, ताई."

"असेल. मला दिसला नाही," ती म्हणाली. "तेही माझंच."

कप्तानानं मान हलवली आणि जाऊन त्या काठीपायाच्या डोक्यावर एक टपली मारली, जरा जोरातच.

चेंडू ठेवायच्या खोलीत निरीक्षकबाई एका उलट्या पेटीवर बसल्या. तिला बसायला चेंडूंची जाळी उरली.

"आज नीट बघितलंत," बाई म्हणाल्या. "आधीच्या तीन वेळी काय केलंत? चित्रफिती बघितल्यात मी. दोनदा तुमचं बरोबर होतं. बेकरीवाल्यांच्या वेळी पाय रेषेबाहेर होता, चित्र लख्ख, आणि तुम्ही म्हणता कायम. ते लोक एका गुणानं हरले."

तिनं चष्मा काढून हातात धरला. बोलली ते सरळ. "बघितलंच नव्हतं बाई. खोक्यात काही दिसत नव्हतं. चाळिशी लागलीय. चष्मा लावायची लाज वाटली."

"चष्म्याच्या दुकानात काम करून?"

"म्हणून तर."

निरीक्षकबाईंना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं. "मला वाटलं होतं तुम्ही हट्टी आहात. आज तुमचं नाव काढायचंच ठरवून आले होते मी. दिसत नाही त्याला काच मिळते. हट्टाला कुठल्या दुकानात काच मिळते?" मग आवाज कोरडा केला. "बेकरीवाल्यांचं आता काही होत नाही. गुणपत्रकावर सही झाली की पडदाही मुका. पण त्यांना कळायला हवं. मी त्यांना सांगणार आहे."

"तुम्ही नको. मी जाते. मीच सांगते."

"शिव्या देतील."

"देऊ देत. मोफत मिळतात त्या आम्हाला."

बाईंनी गुडघ्याचा पट्टा सैल केला, परत आवळला. "अंतिम सामन्याला मुख्य पंच लंबू. तुम्ही त्याच्या जोडीला. या हंगामात खोक्यात तोंड तो घालेल. पुढच्या हंगामाआधी जवळची नजर तपासून कागद आणायचा. आणला, तर मुख्य पंच परत तुम्ही."

"म्हणजे मी लीगमध्ये..."

"शाळांकडे पाठवण्याइतका राग नाही आला मला तुमचा अजून. उठा आता, माझी पेटी मला उचलायचीय."

ती बाहेर आली तेव्हा हॉल रिकामा होत आला होता. झाडणारी माणसं वरच्या रांगांतून कागद लोटत खाली येत होती. लंबू खांबाला टेकून तिची वाट बघत होता, चेहरा सुतकी. त्याला वाटलं, गेल्या आपल्या ताई.

"अंतिम सामना तुझा," तिनं सांगितलं. "मी जोडीला."

"माझा?" तो खांब सोडून सरळ झाला. "ताई, मला नाही जमणार. तुम्हीसुद्धा चुकलात आज, तर मी काय..."

"चुकले ते का चुकले ते तर बघू." ती रिप्लेवाल्याकडे वळली. "अरे, वायरी काढू नकोस. तो शेवटचा परत लाव. आणि आता बोललास तरी चालेल."

"बोलू?" रिप्लेवाला म्हणाला, आणि जे सुटला! "हे बघा मॅडम, मी मघापासून मरतोय सांगायला, तुम्ही उभ्या होतात ती जागाच खराब. तुमच्या आणि चेंडूच्या मधे हा आख्खा बंब! लग्नातसुद्धा असंच होतं, नेमका मुलीचा मामा मधे येतो. दोन पावलं डावीकडे असतात ना, तर दोघांच्या मधली फट दिसली असती."

तिनं चष्मा लावून बघितलं. खरंच होतं. पडद्यावर ती स्वतः दिसत होती, बुटकी, राखाडी शर्टातली, कप्तानाच्या पाठीच्या बरोब्बर मागं, मान उंच करून.

चष्मा डबीत ठेवून ती मैदानावर गेली आणि डावीकडे दोन पावलं सरकून उभी राहिली. जागा नवी होती. वीस वर्षांत तिथं तिचा पाय पडला नसेल.

"लंबू, तू कोपऱ्यात जा, चेंडू टाक," ती ओरडली. "आणि ए, तू ये इकडं, मधे बंब होऊन उभा राहा."

"मी?" रिप्लेवाला म्हणाला.

"हात वर कर. आणखी वर."

लंबूनं चेंडू टाकला. कडीला लागून तो भलतीकडेच गेला, खाली येऊन घरंगळत झाडणाऱ्यांच्या पायांत शिरला. त्यांतल्या एकीनं झाडू काखेत धरला आणि चेंडू परत फेकला.

"सुटताना दिसला?" लंबूनं विचारलं.

"दिसला. अर्धा." ती आणखी अर्धं पाऊल सरकली, गुडघे किंचित वाकवले, शिट्टी दातांत धरली. "टाक पुन्हा."